पेटीतल्या पत्रांत 'मंडळी' म्हणजे कोण?

नागपूर-कामठीच्या बऱ्याच जुन्या घरांत माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. दुसऱ्या महायुद्धात आजोबा किंवा पणजोबा परदेशी गेलेले असले, तर त्या पेटीत पदकांच्या फितींखाली पाच-सात पत्रं निघतात. ओळखीतले लोक ती माझ्याकडे घेऊन येतात, कारण मला मोडी वाचता येते आणि फौजी टपालाचा जुना नाद आहे. पत्र वाचून दाखवलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. "एवढंच?" असं विचारतात. पत्रात असतं ते साधारण असं: इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी, पैसे पाठवले आहेत, पावती पाठवावी, वडिलांस साष्टांग नमस्कार, मुलांस आशीर्वाद. बायकोचं नाव कुठंच नाही. चार-चार वर्षं समुद्रापार राहिलेला माणूस बायकोला एक ओळही लिहीत नाही?

लिहितो. पण ती ओळ सापडायला हवी असेल, तर ते पत्र किती जणांच्या डोळ्यांखालून जाणार होतं हे आधी कळायला हवं. लिहिणाऱ्याला ते पुरतं ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून आपली निराशा होते.

नंबराचं गाव

सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयनं भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. युद्ध संपेपर्यंत भारतीय फौज सुमारे २५ लाखांवर गेली होती आणि सक्तीची भरती नव्हती. आपल्याकडचे लोक मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेले. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि जून १९४२ मध्ये दुसरी पलटण आपल्या कामठीलाच. शिवाय ट्रक चालवणारे, मिस्त्री, स्वयंपाकी, दवाखान्यातले शिपाई असे बंदूक क्वचितच हाती धरणारे हजारो होते. माझे आजोबा त्यांतलेच, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर. आधी इजिप्त, मग इटली.

आता गंमत बघा, आजोबा इटलीत आहेत हे आजीला त्या वेळी ठाऊकच नव्हतं. फौजेच्या पत्त्यात गावच नसे. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, तुकडी आणि शेवटी काही अक्षरं. एम.ई.एफ. म्हणजे मिडल ईस्ट फोर्सेस, सी.एम.एफ. म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, इराक-इराणकडे असेल तर पायफोर्स म्हणजे पर्शिया अँड इराक फोर्स, ब्रह्मदेशाच्या बाजूला असेल तर सीॲक म्हणजे साउथ ईस्ट एशिया कमांड. घरच्यांच्या लेखी नवरा त्या तीन-चार अक्षरांत राहायचा.

पत्रावरचा शिक्काही मुकाच. फील्ड पोस्ट ऑफिस म्हणजे फौजेबरोबर चालणारं पोस्ट. कधी तंबूत, कधी ट्रकच्या मागच्या भागात, कधी पडक्या शाळेत. फौज पुढं सरकली की पोस्टही सरकायचं, म्हणून शिक्क्यात जागेचं नाव न घालता नुसता नंबर आणि तारीख. तिकिटाच्या जागी बहुतेक वेळा हातानं लिहिलेलं 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस', कारण आघाडीवरून साध्या टपालानं येणाऱ्या पत्राला तिकीट लागत नसे. शत्रूच्या हाती पोतं पडलं तरी कोणती डिव्हिजन कुठं आहे ते कळू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आज मात्र कोणता नंबर कोणत्या महिन्यात कुठं होता याच्या याद्या टपाल-संग्राहकांनी लावलेल्या आहेत. म्हणून लिफाफा टाकू नका. पत्रात 'खुशाल' एवढंच असेल, पण लिफाफा सांगतो की तो खुशाल असलेला माणूस त्या आठवड्यात कोणत्या नदीकाठी होता.

इजिप्तहून निघालेलं पत्र तांबड्या समुद्रातून, अरबी समुद्र ओलांडून मुंबईला. तिथून रेल्वेनं नागपूर, मग कामठी, उमरेड, काटोल, जिथलं असेल तिथं. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्राची वाट धोक्याची झाली आणि इजिप्तमधल्या गोऱ्या शिपायांची साधी पत्रं आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला जाऊ लागली. त्या मानानं आपली वाट जवळची, तरी जहाज कधी सुटेल त्यावर सगळं. पत्र जायचं आणि उत्तर यायचं त्यात दोन-तीन महिने सहज मोडत. मृगात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पोळ्याला. त्यातून कधी तीन पत्रं एकदम यायची, तीही उलट्या क्रमानं. म्हणून पुष्कळ पत्रांच्या डोक्यावर आकडा दिसतो, 'पत्र ७ वे', 'पत्र ८ वे'. ७ आणि ९ मिळालं आणि ८ नाही, तर मधलं बुडालं एवढं तरी कळायचं.

१९४१ मध्ये एअरग्राफ नावाची युक्ती निघाली. ठरावीक कागदावर पत्र लिहायचं, त्याचा १६ मिलिमीटरच्या फिल्मवर फोटो काढायचा, फिल्म विमानानं पाठवायची आणि पलीकडे तो फोटो छापून वाटायचा. दीड हजारांवर पत्रांची फिल्म काही औंसांतच बसायची. हाताच्या पंजाएवढ्या फोटोच्या कागदावर बारीक अक्षर असलेलं पत्र पेटीत निघालं, तर ते एअरग्राफ असणार. तो त्याचा हस्ताक्षराचा मूळ कागद नव्हे, त्याची छाया आहे.

टपालाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो, नागपूरकर म्हणून राहवत नाही. युद्धानंतर, १९४९ मध्ये, देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, आपसांत पोती बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. आणि आज भारतीय लष्कराच्या टपालसेवेचं प्रशिक्षण केंद्र कामठीतच आहे. '५६ ए.पी.ओ.' हा फौजी पत्ता लिहिलेली पत्रं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. ती पोचवणारी माणसं इथं शिकून जातात.

पत्र उघडणारे

पत्र चिकटवून द्यायची पद्धत नव्हती. शिपायानं ते उघडंच द्यायचं, तुकडीतला अधिकारी ते वाचणार, जागेचं नाव, जहाजाचं नाव, तुकडीची हालचाल, मेलेल्यांचा आकडा यांतलं काही असलं तर शाई फासणार किंवा पात्यानं तेवढा तुकडा कापून काढणार. गोऱ्या अधिकाऱ्याला मराठी कुठून येणार? मराठी जाणणारं आपल्यातलंच कोणी मदतीला घ्यावं लागे. म्हणजे ज्याच्यासमोर रोज सकाळी सावधान उभं राहायचं, त्यानंच हे पत्र वाचायचं. तिथं बायकोला काय लिहिणार?

यावर एक तोड होती, हिरवा लिफाफा. तो मोजकाच मिळायचा. यात फक्त घरगुती आणि खासगी मजकूर आहे, असं छापलेलं असे आणि त्याखाली शिपायानं सही करायची. असा लिफाफा तुकडीत उघडत नसत, मागे मुख्य ठाण्यावरचा अनोळखी सेन्सॉर उघडू शकायचा. अनोळखी माणसानं वाचलं तर चालतं, सुभेदारानं वाचलं तर नाही. ही लाज ज्याला समजते त्याला हिरव्या लिफाफ्याची किंमत समजते. पेटीत असा लिफाफा निघाला तर आतलं पत्र दोनदा वाचा.

ही पद्धत आधीच्या महायुद्धापासूनची. सप्टेंबर १९१४ मध्ये भारतीय फौज फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरली आणि सरकारला धास्ती पडली ती गदर चळवळीच्या, म्हणजे परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या, पत्रकांची. शिपायांच्या टपालातून बंडाचा मजकूर येईल म्हणून बुलोन इथं भारतीय टपालाचं सेन्सॉर कार्यालय बसवलं. इव्हलिन हॉवेल नावाचा अधिकारी त्याचा प्रमुख. उर्दू, हिंदी, गुरुमुखी, मराठी अशा भाषांतली पत्रं वाचून, निवडक उतारे इंग्रजीत करून त्यांचे अहवाल वर जात. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं बहुतेक गेली. ज्यांनी चोरून वाचली त्यांच्याच कागदांत ती उरली, तीही परक्या भाषेत.

शिपायांना हे वाचन ठाऊक होतं आणि त्यांनी वाटा काढल्या होत्या. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. काळी संपत आली, आता लाल वापरतात, असा मजकूर गेला की गावात कळायचं की आपली माणसं फार पडली. सेन्सॉरलाही हे कळत होतं, त्यांनी तशी नोंद केलेली आहे. मसाल्याचा हिशेब बायकोला लिहिणारा नवरा, यात वरवर पाहता कोणाला संशय येणार!

दुसऱ्या महायुद्धात हे वाचन आणखी पद्धतशीर झालं आणि इथं मला सगळ्यांत जास्त थांबावंसं वाटतं. सेन्सॉर फक्त नवऱ्याची पत्रं वाचत नव्हते. घरून जाणारीही वाचत होते. १९४२-४३ मध्ये धान्याचे भाव भडकले, ज्वारी मिळेना, कापड मिळेना, रॉकेल मिळेना. घरच्या पत्रांत ते उतरायचं आणि इजिप्तमधला शिपाई बेचैन व्हायचा. इथं पोटभर जेवण मिळतंय आणि घरी पोरं उपाशी, मग मी कोणासाठी आलो? भारतीय शिपायांच्या पत्रांवरचे अहवाल नियमित तयार होत आणि घरच्या टंचाईची चिंता त्यांत पुन्हा पुन्हा येते. कामठीतल्या एका बाईनं 'महागाई फार आहे' एवढं सांगितलेलं वाक्य कैरोमधल्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीनं फौजेच्या मनोधैर्याचा पुरावा होता. तिला याची कल्पना असण्याचं कारण नाही. आपल्या चुलीतल्या राखेची कोणी सरकारदरबारी नोंद घेत असेल, असं कोणाच्या मनात येईल?

त्यात ऑगस्ट १९४२, 'छोडो भारत'चा महिना. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टीत काय झालं ते विदर्भात लहान पोराला माहीत असतं. गावागावांत तारा तोडल्या गेल्या, पोस्टं जळाली. ज्या सरकारच्या गोळ्या गावात झेलल्या, त्याच सरकारच्या वर्दीत नवरा समुद्रापार. या गोष्टी पत्रात लिहिता येत नव्हत्या. लिहिल्या तर पत्र अडवलं जाणार. १९४२ च्या पावसाळ्यातल्या पत्रांत फक्त पावसापाण्याची हकीकत असेल, तर ती तशीच वाचू नका.

मास्तर, सासरे आणि 'मंडळी'

सरकारी सेन्सॉर नंतरचा. पहिला सेन्सॉर घरातच बसलेला असे.

१९४१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांपैकी सुमारे सात जणींना लिहितावाचता येत होतं. आजी त्या सातांत नव्हती. पत्र लिहायचं म्हणजे शाळेच्या मास्तरांना बोलवायचं, चहा ठेवायचा, सासऱ्यांनी खाटेवर बसून मजकूर सांगायचा आणि आजीनं दाराआड उभं राहायचं. ती म्हणायची, "मास्तर समोर बसला राहे. त्याच्यापुढं काय सांगाव, बावा?" आलेलं पत्रही तसंच. पोस्टमन ओसरीवर बसून मोठ्यानं वाचणार, शेजारपाजार गोळा होणार. आजोबांनी लिहायला-वाचायला फौजेत शिकून घेतलं, पण फौजेत शिकवत ती रोमन उर्दू, म्हणजे हिंदुस्तानी भाषा इंग्रजी अक्षरांत. लोक असं पत्र माझ्याकडे इंग्रजी समजून आणतात आणि आत 'सब खैरियत है' निघतं. ते वाचायला गावात आणखी एक जाणकार शोधावा लागायचा, म्हणजे आणखी दोन डोळे.

मग पत्राचा मायना. पत्र बायकोला लिहायची रीतच नव्हती. पत्र 'तीर्थरूप वडिलांचे सेवेशी'. नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घेऊ नये, बायकोनं नवऱ्याचं तर मुळीच नाही. तिच्यासाठी वेगळे शब्द होते: कुटुंब, घरातून, अमक्याची आई आणि मंडळी.

हा 'मंडळी' शब्द नीट हातात घेऊन बघा. त्यात अख्खं घर मावतं आणि एकटी बायकोही मावते. 'घरच्या मंडळींनी प्रकृतीस जपावे' असं लिहिलं की ऐकताना सासऱ्यांना वाटणार आपल्या सगळ्यांना लिहिलंय. मास्तरांना तसंच वाटणार. दाराआड जी उभी आहे तिला मात्र बरोबर कळणार. सुभेदाराला काही सापडणार नाही, सेन्सॉरला तर नाहीच.

मग आपण कसं ओळखायचं? मी दोन खुणा बघतो. पहिली म्हणजे मोजदाद. जुना पत्रलेखक कोणाला विसरत नाही. वडिलांस साष्टांग नमस्कार, मातोश्रींस नमस्कार, दादा-वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद, शेजारच्या काकांस रामराम, असा एकेकाचा पाट मांडून झाल्यावर शेवटी 'मंडळी' उरली, तर ती कोण? पंगतीत ज्या एकीचाच पाट मांडायचा राहिला, ती. दुसरी खूण माहेर. 'मंडळी माहेरी गेली असल्यास पोळ्यानंतर आणावी' असं वाक्य दिसलं की प्रश्नच मिटला. आईवडिलांना, भावांना, पोरांना माहेर नसतं.

तिची बाजू मात्र आपल्याला मिळत नाही. नवऱ्याची पत्रं घरात पेटीत राहिली, बायकोची पत्रं आघाडीवर गेली. तंबू, पाऊस, वाळू, दर दोन महिन्यांनी मुक्काम हलवणं, यात कोण कागद जपणार? म्हणून तिचं म्हणणं त्याच्या उत्तरांतून उलटं काढावं लागतं. 'गाय विकू नये' असं तो लिहितो, म्हणजे तिच्याकडून गाय विकायची वेळ आल्याचं कळलेलं असतं. 'धाकट्याचे औषध बंद करू नये' म्हणतो, म्हणजे धाकटा आजारी आहे. फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून पलीकडचं बोलणं ओळखावं, तसं.

मनीऑर्डरचं कुपनही सोडू नका. फॉर्मच्या एका कडेला मजकुरासाठी चार ओळींची जागा असे. पैसे पोचले की ते कुपन घेणाऱ्याकडेच राहायचं. पुष्कळ घरांत पत्रं गेली पण कुपनं उरली, कारण पैशाचा कागद कोणी फेकत नाही.

जपायचं कसं

ही पत्रं पुष्कळदा जांभळट अक्षरांत असतात. ती शाई नसते, कॉपिंग पेन्सिल असते. कोरडी असताना करडी दिसते, ओल लागली की जांभळी होऊन पसरते. आघाडीवर दौत-टाक सांभाळण्यापेक्षा ती सोयीची होती. त्यामुळे असा कागद ओल्या फडक्यानं पुसला की अक्षर गेलंच. इस्त्री फिरवू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत कागद पापडासारखा होतो आणि जुलैत ओल धरतो, म्हणून माळ्यावरून पेटी खाली आणून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. घड्यांवर जोर न देता पत्र उघडा, खिडकीजवळ, उन्हात नव्हे, दोन्ही बाजूंचा आणि लिफाफ्याचा फोटो काढा.

लिफाफ्यावरचा शिपायाचा नंबर वेगळा लिहून ठेवा. नाव एकाच गावात दहा जणांचं असतं, नंबर एकाचाच. महार रेजिमेंटचं केंद्र सागरला आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. तिथं चौकशी करताना नंबर असला तर काम होण्याची आशा. परत न आलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत इंटरनेटवर शोधता येतात. आपल्या माणसाचं नाव इटलीतल्या सांग्रोच्या किंवा इजिप्तमधल्या अल अलामेनच्या स्मारकावर कोरलेलं आहे, हे घरच्यांना ऐंशी वर्षांनी कळल्याचं मी दोनदा पाहिलं आहे. दोन्ही वेळा खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

आजोबा परत आले. आजीनं पाठवलेलं, म्हणजे मास्तरांनी लिहिलेलं, एकही पत्र त्यांनी आणलं नाही. त्यांच्या पे-बुकात, म्हणजे फौजेतल्या पगाराच्या पुस्तिकेत, मात्र एक कागद होता. फील्ड पोस्ट ऑफिसातून त्यांनी स्वतः केलेल्या पंधरा रुपयांच्या मनीऑर्डरची पोच. पैसे घेणाऱ्यानं सही केली की तो तुकडा पाठवणाऱ्याकडे परत जायचा. आजीला सही येत नव्हती, म्हणून पोस्टमननं तिचा अंगठा धरून टेकवलेला. ठसा एका बाजूला थोडा ओढला गेलाय, तिनं हात लवकर काढून घेतला असावा. तेवढीच एक गोष्ट तिच्या हातून थेट त्यांच्या हातात गेलेली, मधे मास्तर नाही, सासरे नाहीत. त्या कागदाची चार घडी अशी घातलेली आहे की ठसा आत राहतो. बाहेरची बाजू घासून पांढरी पडली आहे. आतला जांभळा रंग अजून तसाच आहे.